गादीवर उकिडवी

पौषातलं गार वारं दुकानाच्या शटरच्या फटीतून आत येत होतं. शुभांगीनं शटर वर ढकललं, केर काढला, गादीवर पांढरी चादर ताणून घातली आणि चोळीच्या खणांची चवड लावायला बसली. बसली ती नेहमीसारखीच, उकिडवी, हात टेकून, टाचा उचललेल्या. पाठीवर थाप पडून 'खो' मिळाला की सुटायचं, तशी.

"मांडी घाल की गं," गल्ल्यावरून सासरे शंकरअप्पा म्हणाले. "गिऱ्हाईकाला वाटतंय तू पळून जाणार."

शाळेच्या मैदानापासून राज्याच्या संघापर्यंत ती अशीच बसत आली होती. मग टाचेची शीर तुटली. शीर जुळली, पण धाव गेली आणि संघातली जागाही. कितीतरी दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. जेवण नको, माणूस नको. शेवटी नवरा, प्रशांत, तिला धारवाडला मनाच्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेला. गोळ्यांनी झोप आली. पण "खेळ सोडून सांगा, तुम्ही कोण?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा तिला तोंड उघडता आलं नाही. ते उत्तर मिळवायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

अप्पा मात्र गल्लीभर सांगत, सून पायाच्या मालिशीला धारवाडला जाते.

लेकाकडं बरेच दिवस राहून आलेल्या केशवापूरच्या कृष्णाबाई दुकानात शिरल्या.

"ही आमची सून," अप्पा म्हणाले. "राज्याची खेळाडू!"

"अय्यो! मग आता कुठल्या म्याचला जायलीस?"

"पाय जरा दुखतोय तिचा," अप्पा घाईनं म्हणाले. "मालीश चालू—"

"मालीश नाही, अक्का," शुभांगी मधेच म्हणाली. "खेळ संपला माझा. मी खण विकते. आणि धारवाडला मनाच्या डॉक्टरांकडं जाते. खेळ सुटला आणि मी कोण तेच कळेना, म्हणून."

अप्पांनी गल्ल्यात तोंड घातलं. कृष्णाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"डोकं फिरलंय म्हणतीस? मग भाव कमी लावशील."

"डोकं बरं होतंय, अक्का. भाव तोच."

कृष्णाबाई फसकन हसल्या आणि गादीच्या कडेला टेकल्या. "बरी आहेस की! हिरवा दाखव. लाल काठाचा."

शुभांगीनं टाचा खाली टेकवल्या. मांडी घातली. घोटा कुरकुरला, मग गप झाला. अप्पांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

"घाई आहे काय, अक्का?"

"मला कसली घाई?"

"मग सगळेच हिरवे बघा." तिनं चवड पुढं ओढली आणि पहिली घडी उलगडली.