फरशीवरची टकटक

औंधच्या बाजूला कुत्र्याचं नख म्हटलं की माणसं सयाजी फौजींचं दार दाखवायची. बावीस वर्षं पल्टणीत कुत्री सांभाळली, पेन्शनीवर आल्यावर गावातल्या कुत्र्यांचे पंजे हातात घेतले. कुत्रं कितीही आडदांड असो, फौजींनी मांडी घालून तळवा पुढं केला की गपगुमान पंजा द्यायचं.

नखं कवा कापायची, यावर त्यांचा कायदा एकच. "फरशीवर टकटक वाजलं की कापायची. न्हाई वाजलं तर हात लावायचा न्हाई." तेही एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढंच. काळ्या नखात शीर दिसत नाही, म्हणून दर वेळी थांबून कापलेलं तोंड बघायचं. मधोमध ओलसर ठिपका दिसला की बास. "कुत्र्याला एकदा दुखवलं की ते परत पंजा देत न्हाई गड्या," असं शिकायला येणाऱ्याला दटावून सांगायचे.

एवढा शहाणा माणूस, पण साठी उलटली तसे कान गेले, ते मात्र कबूल करायचं नाही! थोरल्या मुलानं, विश्वजीतनं, कानाचं मशीन आणलं. फौजींनी डबीसुद्धा उघडली नाही. "मी काय बहिरा हाय व्हय?"

घरची कुत्री राणी, बारा वर्षांची. बायको राहीबाई वर्षभर कानाशी ओरडत होत्या, "आवं, राणीची नखं वाजाय लागल्यात!" फौजी मान तिरकी करून ऐकायचे. कुठं काय? "वाजत न्हाईत. तुला भास हुतोय." पुढं राणी लंगडायला लागली. फौजी म्हणाले, वय झालं. पंजा चाटत बसायला लागली, तर म्हणाले, खोड लागली.

पंजा सुजला तेव्हा कुठं तिला कराडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी केस बाजूला केले. आतल्या अंगठ्याचं नख गोल वळून मांसात घुसलं होतं. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळं वाजतही नाही. बाकीची कापताना ते कापायचं असतं, आणि बाकीची तर कापलीच नव्हती. बाईंनी भूल देऊन नख सोडवलं, पू काढला.

"किती महिने दुखत असेल हिला," बाई हळूच म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" फौजींनी विचारलं.

राहीबाईंना ते ओरडूनच सांगावं लागलं. अख्ख्या दवाखान्यानं ऐकलं.

जखम भरल्यावर एके दुपारी फौजी कात्री घेऊन सोप्यात बसले. बाकीची नखं राहिली होती. त्यांनी तळवा पुढं केला. राणीनं एकदा तळव्याकडं बघितलं, पंजा पोटाखाली ओढला आणि दात दाखवले. बारा वर्षांत पहिल्यांदा. ओठ थरथरत होते, पण गुरगुरणं काही फौजींना ऐकू आलं नाही.

ते उठले, डबी उघडली, मशीन कानात बसवलं आणि पुन्हा हात पुढं केला. राणी उठली आणि स्वयंपाकघराकडं चालती झाली. टक, टक, टक. केवढा मोठा आवाज! फौजींचा जीव कळवळला. हा आवाज वर्षभर घरात घुमत होता, आणि आपण बायकोला भास म्हणत होतो.

"राणी, ये गं," ते म्हणाले. ती राहीबाईंच्या पदराआड जाऊन बसली.

फौजींनी मशीन काढून डबीत ठेवलं. डोक्यातली टकटक काही थांबली नाही.