मानेच्या वरचं राज्य

सहा वर्षं दर शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर हजर राहून चेंडूकडे एकदाही न बघितलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी कौतुकाने सांगतो आहे की तक्रारीने, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही, कारण त्या सहा वर्षांतल्या माझ्या शनिवारच्या दुपारच्या झोपा त्याच मैदानावर बुडाल्या. साडू सिंगापुरात, नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यात डॉक्टर. त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी "डॉक्टर, पानं घेतली" असंच म्हणतात. एकदा खांदा दुखतो म्हणून एक ऑस्ट्रेलियन पेशंट त्यांच्याकडे आला आणि जाताना आपल्या हौशी क्लबासाठी डॉक्टर मागून गेला. डॉक्टरांना वाटलं, फुटबॉल म्हणजे फुटबॉल. हा निघाला ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मैदानावर जाऊन बघतात तो चेंडू लांबट, मैदान लांबट, गोलाला जाळं नाही, दोन्ही टोकांना नुसते चार-चार खांब, आणि धिप्पाड माणसं डोक्यावर काही न घालता एकमेकांच्या खांद्यावर चढून चेंडू झेलतायत. "रावसाहेब," संध्याकाळी त्यांचा मला फोन, "हा खेळ नाही, ही ओपीडी आहे. पुढच्या शनिवारी तुम्हीही चला. मला घड्याळ धरायला माणूस पाहिजे." मी हार्बरफ्रंटला कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस, नाही म्हणायचं सुचेपर्यंत सहा वर्षं गेली.

खेळाचे नियम त्यांनी शेवटपर्यंत शिकून घेतले नाहीत. चेंडू उडाला की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या, यांची नजर मात्र चेंडू जिथून गेला तिथेच. "चेंडूला काय होणार आहे? तो चामड्याचा आहे," असं म्हणायचे. खेळाडूंच्या ढिगाऱ्यातून कोण उशिरा उठतो, कोण उठून भलत्याच दिशेला चालू लागतो, एवढंच ते बघायचे. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर आणि त्या दिवशी पुन्हा खेळणं बंद. मग तपासणी. आपण कुठे आहोत, सामन्याचा कितवा भाग चालू आहे, शेवटचा गोल कोणी केला? अडचण अशी, की शेवटचा गोल कोणी केला हे डॉक्टरांनाच माहीत नसायचं. ते माझ्याकडे बघायचे आणि मी घड्याळ हातात धरून डुलकी काढत असायचो. एकदा पायलट असलेल्या एका खेळाडूने इतक्या ठामपणे नाव सांगितलं की आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. नंतर कळलं, ज्याचं नाव सांगितलं तो गृहस्थ गेल्या वर्षीच सिंगापूर सोडून गेला होता. पायलटसाहेब रेघेवरून सरळ चालायच्या चाचणीत सापडले म्हणून बरं, पण तेव्हापासून मला जागं राहावं लागलं.

या तपासणीत पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या याद्या खेळाडूंनी केव्हाच पाठ केल्या होत्या. डोकं फुटलं तरी त्यांना ते पाच शब्द आले असते. डॉक्टरांनी यावर उपाय काढला: मराठी शब्द. वांगं, खुर्ची, काकडी, पाटी, उंबरठा. मी म्हटलं, "अहो, धडधाकट ऑस्ट्रेलियन माणसाला तरी हे आठवतील का?" तर म्हणाले, "हंगामाच्या सुरुवातीला ठणठणीत असताना किती आठवतात ते लिहून ठेवायचं. मार लागल्यावर त्याहून कमी आले, की बसवायचं. तुलना त्याची त्याच्याशीच." झालं. हंगामाच्या सुरुवातीची परीक्षा झाली आणि अख्ख्या संघाला पाचांपैकी दोनच शब्द आठवले. बँकांचे अधिकारी, इंजिनिअर, सगळे दोनवर! आत्ताच कमी सांगून ठेवलं की पुढे मार लागला तरी आकडा जुळेल, हा कावा. डॉक्टरांनी कागद शांतपणे बाजूला ठेवला आणि विचारलं, गेल्या वर्षीची फायनल कशी झाली? सगळ्यांनी एकेक गोल हातवाऱ्यांसकट सांगितला. "एवढीशी स्मरणशक्ती असती तर यांना इथे नोकरीचा एम्प्लॉयमेंट पास मिळाला नसता," असं मला मराठीत म्हणून त्यांनी सगळ्यांना पुन्हा परीक्षेला बसवलं. पुढे पुढे हे शब्द क्लबात इतके रुळले, की एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, एखादा सहा फुटी माणूस डॉक्टरांना लांबून "काकडी, डॉक!" अशी हाक मारायचा.

तरीही एकदा बाहेर बसवलेला एक पठ्ठ्या संडासामागून वळसा घालून पुन्हा मैदानात शिरला. त्या दिवसापासून डॉक्टर बसवलेल्या खेळाडूचा डावा बूट काढून घेऊ लागले. बूट ताईंना साडीच्या दुकानातून मिळालेल्या कापडी पिशवीत जायचा आणि पिशवी एमआरटीने सेरंगूनला, डॉक्टरांच्या घरी. आधी विश्रांती, मग चालणं, मग धावणं, मग धक्काबुक्कीचा सराव, अशी एकेक पायरी त्रास न होता पार पडली की मगच बूट परत. कोच चिडायचा. डॉक्टर त्याला शांतपणे सांगायचे, "मानेच्या खाली तुझं राज्य, मानेच्या वर माझं." ताईंच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका दारातल्या रॅकवरचे होडीएवढे तीन डावे बूट बघून "पाहुणे आलेत का?" असं विचारायच्या. "पाहुणे बरे झाले की जातील," ताई म्हणायच्या.

एका फायनलच्या आधीच्या मंगळवारी कप्तानाचाच बूट पिशवीत गेला. सरावात दोन डोकी एकमेकांवर आपटली होती. हा कप्तान म्हणजे तोच खांदेदुखीवाला पेशंट, डॉक्टरांना क्लबात आणणारा आणि त्यांचा सगळ्यात लाडका. कंपनीने त्याची बदली पर्थला केली होती. शनिवारी फायनल आणि पुढच्या बुधवारी विमान. म्हणजे हा त्याचा इथला शेवटचा सामना. गुरुवारी संध्याकाळी तो सेरंगूनला आला. मी तिथेच होतो. ताईंनी थालीपीठ वाढलं. त्याने पाचही शब्द खणखणीत सांगितले, रेघेवरून चालून दाखवलं. "आय ॲम फाइन, डॉक." डॉक्टरांचा चेहरा जरा सैलावला. तेवढ्यात आपला बूट घ्यायला तो रॅकपाशी वाकला, आणि उठताना क्षणभर भिंतीला हात लावून थांबला.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

कप्तान लालबुंद झाला. "फायनल म्हणजे काय हे तुला कधी कळलंच नाही, डॉक. सहा वर्षांत तू एक गोल तरी पाहिलास का?" असं इंग्रजीत बोलून तो बुटाशिवाय निघून गेला. डॉक्टरांच्या ताटातलं अर्धं थालीपीठ तसंच राहिलं. मला त्यांची फार कीव आली आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. एक सामना, तोही शेवटचा. सोडला असता तर काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

शनिवारी कप्तान साध्या कपड्यांत बाकावर बसला होता, डॉक्टरांकडे पाठ करून. तिसऱ्या भागात डॉक्टर नेहमीप्रमाणे चेंडू सोडून एका पडलेल्या खेळाडूकडे बघत उभे होते. ज्या चेंडूकडे त्यांनी सहा वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं, तो शेवटी स्वतःच त्यांना भेटायला आला. कानशिलावर बसला आणि डॉक्टर आडवे झाले. मी घड्याळ टाकून धावलो. ते उठून बसले, चष्मा चाचपला आणि म्हणाले, "काही झालं नाही. आय ॲम फाइन."

हे वाक्य आम्ही सहा वर्षांत शंभर तोंडांतून ऐकलं होतं. मग कप्तान उठला, येऊन त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्याने पाच शब्द त्याच्या त्या उच्चारांत सांगितले. आपण कुठे आहोत, कितवा भाग चालू आहे, सगळं क्रमाने विचारलं. थोड्या वेळाने म्हणाला, "आता शब्द सांग, डॉक."

"वांगं, खुर्ची, काकडी, पाटी…" डॉक्टर थांबले. ओठ हलले, शब्द आला नाही. ज्याने ते पाच शब्द अख्ख्या क्लबाला शिकवले, त्याला पाचवा सापडेना. कप्तान घाई न करता वाट बघत राहिला. मग त्याने डॉक्टरांच्या डाव्या पायातली सँडल हळूच काढली आणि त्याच कापडी पिशवीत ठेवली. डॉक्टरांनी विरोध केला नाही. आपली बॅग उचलून समोरच्या संघाच्या डॉक्टरीणबाईंच्या हवाली केली आणि एका पायात सँडल घालून बाकावर कप्तानाशेजारी जाऊन बसले. दोघे बर्फाची एकच पिशवी आळीपाळीने डोक्याला लावत होते. शेवटची शिट्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आपण जिंकलो का?" आपण सपशेल हरलो होतो. कप्तान त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला, इतका की त्याला डोकं धरावं लागलं.

बुधवारी तो गेला. दोघांच्याही पायऱ्या पुऱ्या झाल्या नव्हत्या, त्यामुळे सँडल त्याच्याबरोबर पर्थला गेली आणि बूट सेरंगूनच्या रॅकवर राहिला. पुढे दीड महिना आपल्याला दिव्याचा उजेडही सहन होत नव्हता, हे त्याने फोनवर सांगितलं. तेव्हा मी मनातल्या मनात डॉक्टरांची माफी मागितली. डॉक्टरांनीही त्याच वर्षी, सत्तरीच्या आसपास, मैदान सोडलं, पण दर वर्षी फायनलच्या दिवशी कप्तानाचा व्हिडिओ कॉल येतो. तो शब्द विचारतो. डॉक्टर चार सांगतात आणि पाचव्याला अडतात. "नॉट येट, डॉक," तो म्हणतो, "सँडल माझ्याकडेच." फोन ठेवला की चहाचा कप उचलताना डॉक्टर सहज पुटपुटतात, "उंबरठा." दोनच शब्द सांगणाऱ्यांचा कावा एका मिनिटात पकडणारा हा माणूस दर वर्षी चारच शब्द सांगून स्वतः कावा करतो. सँडल परत आली तर फोन कशाला येईल?

यंदाही फोन झाला. चार शब्द झाले, हसणं झालं. ताईंनी चहा आणला. डॉक्टरांनी कप उचलला, चहा संपवला, कप खाली ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी पेपर उघडला, पान उलटलं. पाचवा शब्द काही आला नाही. ताईही ओट्यापाशी थबकल्या होत्या. त्यांच्यापुढचा नळ उगाच वाहत होता. विचारायचा मला धीर झाला नाही. निघतो म्हणालो. दारात, त्या एकट्या डाव्या बुटाशेजारी आणि एकट्या उजव्या सँडलीशेजारी बसून मी माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या.

"उंबरठा," आतून पेपरामागून आवाज आला. "जा आता, रावसाहेब. तुमची झोप बुडेल."