ओरिजिनलसाहेबांचा अँप्लिफायर

गल्लीत त्यांना सगळे ओरिजिनलसाहेब म्हणतात, आणि तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नाही, उलट छाती फुगते. घड्याळ ओरिजिनल, छत्री ओरिजिनल, चपलेचा अंगठासुद्धा ओरिजिनल. दातांची कवळी तेवढी नवी, पण तो विषय कुणी काढत नाही. तरुणपणी ते एका बँडमध्ये गिटार वाजवायचे. त्या वेळचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यांनी अजून जपलाय. त्या खोक्याशी ते जितकं गोड बोलतात, त्याच्या निम्मं बायकोशी बोलले असते तर... जाऊ दे. बिचारी चार वर्षांपूर्वी गेली, त्यानंतरच साहेब आमच्या गल्लीत राहायला आले.

तर गेल्या सोमवारी हा खोका आमच्याकडे आला. आमचे हे जुने रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करतात, म्हणजे पुढच्या खोलीतलं टेबल त्यांचं आणि पसारा माझ्या नशिबी. खोका चालू केला की गिटारच्या आधी तोच घुंऽऽ करून गायला लागायचा. यांनी मागची फळी काढली, आत साठून राहिलेला करंट उतरवला आणि बॅटरी मारून पाहिलं. कंडेन्सरची पुठ्ठ्याची दोन मोठी नळकांडी खालून फुगली होती, एक तर चक्क पाझरत होतं. हे म्हणाले, दोन्ही कंडेन्सर बदलायला हवेत. नाहीतर एक दिवस ते स्वतः तर जातीलच, पण जाताना ट्रान्सफॉर्मरही जाळून जातील, आणि तसला ट्रान्सफॉर्मर आता शोधूनही मिळायचा नाही. मग खोका कायमचा मुका.

ओरिजिनलसाहेबांनी ऐकूनच घेतलं नाही. त्यांचा आवाज म्हणे त्या कंडेन्सरमध्येच आहे. नवीन घातले की तो गेला. येत्या रविवारी जुना बँड, म्हणजे त्यातले जेवढे उरलेत तेवढे, पुन्हा एकदा एकत्र वाजवणार होते.

"बोटं आता पूर्वीसारखी पळत नाहीत हो," ते म्हणाले. "एक आवाज तेवढा माझा उरलाय. तोही गेला तर मी तिथे काय घेऊन बसू?"

तोवर मी मनातल्या मनात त्यांची टर उडवत होते. ते ऐकलं आणि मला कसंतरीच झालं.

पण कसंतरी वाटून घुं थोडंच थांबतं? बुधवारपर्यंत तोच घोळ. साहेब रोज यायचे, दोन कप चहा रिचवायचे, यांचं सगळं शांतपणे ऐकायचे आणि शेवटी नाही म्हणून निघून जायचे. शेवटी माझंच डोकं फिरलं. मी यांना म्हटलं, नवे कंडेन्सर बोटाएवढे असतात, ते त्या जुन्या नळकांड्यांच्या पोटात बसवा, वरून मेणानं तोंड बंद करा. दिसायला सगळं जिथल्या तिथे. विचारतंय कोण?

हे असे भडकले की बस्स. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला फसवलेलं नाही म्हणाले, आणि तेही असं ताठ बसून, जणू समोर हार घेऊन माणसं उभी आहेत. मी म्हटलं, नका फसवू, उघडून बघायला तर कुणाची मनाई नाही ना? कुरकुरत यांनी एक नळकांडं सोडवलं आणि तोंडावरचं मेण खरवडलं.

आत निळा दोरा निघाला. शिवणाचा, तीन वेढे देऊन दुहेरी गाठ मारलेला. ती गाठ माझ्या हातची होती. पूर्वी मी शाळेचे गणवेश शिवायचे, त्यातलाच तो दोरा. दोऱ्यानं बांधलेला बोटाएवढा कंडेन्सर, आणि त्याच्या पोटाशी घडी घातलेली चिठ्ठी. यांची सवयच आहे, जे काही बदलतील त्याची चिठ्ठी आत ठेवतात, पुढच्या कारागिराची सोय म्हणून. अक्षर यांचंच. तारीख अठरा वर्षांपूर्वीची. खाली लिहिलेलं: 'बाईंच्या सांगण्यावरून. साहेबांना कळू द्यायचं नाही.'

मी पोट धरून हसले. यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा. हा माणूस सकाळी काय जेवला ते संध्याकाळी विसरतो, पण मला आठवलं. एक बारीक अंगाची बाई टॅक्सीत खोका घालून आली होती. नाव नाही, पत्ता नाही. नवरा पंधरा दिवस परगावी गेलाय, म्हणाली. खोका धूर सोडतो, पण हात लावू देत नाही, एखाद्या दिवशी शॉक लागून जाईल हो. आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता गंमत बघा. मी म्हटलं, तसंच नवं घालून गप्प बसू, बाईचा शब्द राहील. आणि हे म्हणाले, एकदा झालं ते झालं, दुसऱ्यांदा नाही. साहेबांना बोलावणं गेलं.

यांनी नळकांडं आणि चिठ्ठी पुढे ठेवली. साहेबांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. आता आरडाओरडा होणार म्हणून मी काचेचे कप आधीच उचलले.

"तरीच," ते म्हणाले. "रियाज संपला की आतून विचारायची, आज आवाज कसा होता? मी म्हणायचो, ओरिजिनल तो ओरिजिनल, त्याला तोड नाही. आणि ती हसत सुटायची. मला वाटायचं, कौतुकानं हसतेय."

मग तेच हसायला लागले. कवळी सांभाळत, डोळे पुसत, कितीतरी वेळ. चौदा वर्षं हसली माझ्यावर, चौदा वर्षं, असं म्हणत होते, आणि शेवटी शेवटी ते हसणं राहिलं नव्हतं. मी कप परत खाली ठेवले आणि त्यात चहा ओतला.

"बदला," ते म्हणाले. "पण दोरा तोच बांधा."

दोरा जुना, पण तुटला नाही. गाठ मीच मारली. यांनी चिठ्ठीवर जुन्या तारखेखाली नवी तारीख घातली आणि ती आत सरकवणार, एवढ्यात साहेबांनी हात पुढे करून पेन मागितलं. 'साहेबांना कळू द्यायचं नाही' याच्या खाली त्यांनी सावकाश लिहिलं: 'कळलं. आवाज छान होता.'