भुरीबाईचा गोवा

दिग्रसहून पुसदकडे जाताना डांबरी रस्ता सोडून आत वळलं की राठोडांचा तांडा लागतो. भुरीबाई तिथली. पुसदच्या आठवडी बाजारात ती वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसते आणि गिऱ्हाइकं तिला लांबूनच ओळखतात. चोळीसारखी आरशांची कांचळी, घागऱ्यासारखा घेरदार फेटिया, कानांच्या बाजूनं लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या असा जुना बंजारा पोशाख आता तांड्यात फारसा कुणी घालत नाही. तिच्या वयाच्या बायकाही कधीच साडीवर आल्या. भुरीबाई आली नाही. कुणी टोकलं तर म्हणायची, "मले याच्यातच चालता येते."

नवरा देवसिंग कपाशी आणि तूर पाहतो. मुलगी शीला पुसदच्या एका दवाखान्यात नर्स. मुलगा बादल मात्र लांब गेला. हॉटेलाचा कोर्स करून तो मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर कपडे धुण्याच्या खात्यात लागला. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरच्यांना स्वस्तात तिकीट मिळत होतं. मुंबईहून निघायचं, दुसऱ्या दिवशी गोव्याला थांबायचं आणि परत यायचं.

देवसिंगनं ऐकताक्षणी हात झटकले. "पान्याचा भरोसा नाई. मी बकऱ्या पाहतो, तुमी मायलेकी जा."

निघायच्या आधी शीलानं आईसाठी नवी साडी आणली. भुरीबाईनं ती घडी न मोडता पेटीत ठेवली आणि फेटिया-कांचळीतच गाडीत बसली.

जहाजावर तिचं भारी कौतुक झालं. जो तो फोन काढी आणि म्हणे, मावशी, एक फोटो. सकाळी तिला गंमत वाटली, पण जेवायला बसली तरी लोक थांबेनात तेव्हा ती कंटाळली. टेबलावर शेजारी नाशिकच्या उज्ज्वलाताई होत्या. एकट्या त्यांनीच फोटो मागितला नाही. सांभाराची जुडी पुसदला काय भावानं जाते ते विचारलं. भुरीबाईला त्या आवडल्या.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याच्या बंदराला लागलं. बादल उतरायच्या दारापर्यंत आला. हातांना साबणाचा वास येत होता.

"मले सुट्टी नाई भेटली, याडी," तो आईला म्हणाला. "चादरीचा ढीग पडला हाय. चारच्या आत परत या. जहाज कोनासाठी थांबत नाई."

"तू जेवला का?" भुरीबाईनं विचारलं.

"जेवतो. तुमी जा."

शीलानं महिनाभर फोनवर गोवा पाहून ठेवला होता. आधी जुनं चर्च, मग समुद्रकाठी जेवण, मग किल्ला, आणि वेळ उरला तर बाजारातून काजू. टॅक्सी करून दोघी चर्चला गेल्या. भुरीबाईला तिथला गारवा आवडला. ती बाकावर इतका वेळ बसून राहिली की शेवटी शीलालाच तिला उठवावं लागलं. तिथून त्या किनाऱ्यावर आल्या. वाळूत झावळ्यांनी शाकारलेली हॉटेलं ओळीनं उभी होती. शीला जागा बघायला आत गेली आणि भुरीबाई पिशवी सांभाळत दाराशी थांबली.

दारावरचा माणूस पुढं आला. "ओ बाई, इथं विकायचं नाही. काल पण सांगितलं होतं ना? चला, पुढं व्हा."

"मी जेवाले आली, बाप्पा."

तो हसला. "रोज नवीन सांगता तुम्ही."

शीलानं ते आतून ऐकलं. ती तरातरा बाहेर आली आणि त्या माणसावर अशी कडाडली की जेवणारे लोक माना वळवून पाहू लागले. मालक धावत आला. "माफ करा ताई, चूक झाली त्याची. इथं या अशाच कपड्यातल्या बायका माळा विकायला येतात, गिऱ्हाइकं तक्रारी करतात, म्हणून..."

शीलाचं बोलणं संपेना. भुरीबाईचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. तिनं मालकाच्या दंडाला हात लावला. "माह्यासारख्या बाया? इथं? कोठी असतात?"

मालकानं गोंधळून किनाऱ्याच्या टोकाला बोट केलं. तिकडं काठावर ओढून ठेवलेल्या होड्या होत्या. भुरीबाई चालू लागली.

"याडी, जेवून तं घे! कोठी चालली?"

"तू जेव. मी पाहून येतो."

शीला दोन क्षण तिथंच उभी राहिली आणि मग चपला हातात घेऊन आईच्या मागं निघाली.

एका होडीच्या सावलीत एक बाई बसली होती. अंगावर साधी साडी, पण कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि मांडीवर आरशांची झोळी. पुढं फडक्यावर मण्यांच्या माळा मांडलेल्या. भुरीबाई तिच्यासमोर उभी राहिली. त्या बाईनं तिला पायापासून घुगऱ्यांपर्यंत न्याहाळलं आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत विचारलं, "तारो तांडो कुणसो?"

तुझा तांडा कोणता? भुरीबाई तिच्यासमोर वाळूत बसली. पुसदपासून एवढ्या लांब, समुद्राच्या काठावर, तिला घरची बोली ऐकू आली होती.

त्या बाईचं नाव जमनी. विजापूरकडच्या तांड्यातली. पावसाळा सरला की गोव्यात यायचं, भाड्याच्या खोलीत दहाजणींनी राहायचं आणि दिवसभर वाळू तुडवत माळा विकायच्या, असं तिचं कित्येक वर्षांचं चाललेलं. तिच्या गोरबोलीत कानडी मिसळलेली, भुरीबाईच्या बोलण्यात वऱ्हाडी. एखादा शब्द अडला की दोघी हातानं दाखवत.

"माहेर कोनाचं?" भुरीबाईनं विचारलं.

"पवार."

"मी बी पवाराचीच पोरगी!"

"मग बहीणच की तू माझी," जमनी म्हणाली आणि फडक्यावरच्या माळा सारून तिला जवळ जागा केली. तिनं डबा उघडला. ज्वारीची भाकर, लाल चटणी, कांदा. तिघींनी वाटून खाल्लं. शीला आधी आखडून बसली होती, पण चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तशी हसायला लागली.

जमनीनं भुरीबाईच्या कांचळीची बाही बोटांत धरली आणि शिवण उलटी करून पाहिली. "अशी टीप माझी याडी घालायची. ती गेली आणि मी फेटिया सोडला. इथले लोक म्हणतात, तो पोशाख घाल, धंदा जास्त होईल. मी नाही घालत. माझ्या याडीचा पोशाख यांना दाखवायला आहे का?"

भुरीबाईला काल दिवसभराचे फोटो आठवले. तिनं मान हलवली.

मग म्हाताऱ्यांच्या गोष्टी निघाल्या. आपली माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर हिंडायची, समुद्राकाठी धान्य उतरवून मीठ घेऊन जायची, हे दोघींनी आपापल्या आजांकडून ऐकलं होतं. "ते याच वाटेनं आले असतील का?" भुरीबाईनं विचारलं.

"कोण जाणे. आले असतील तर आपल्यासारखेच दमले असतील," जमनी म्हणाली आणि बाटली उचलून पाणी भरायला गेली. "जरा लक्ष ठेव माझ्या दुकानावर."

दुकान सांभाळायचं भुरीबाईला कुणी शिकवायला नको होतं. तिनं माळा झटकून रंगारंगानं लावल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका घालू लागली. शीला हळूच म्हणाली, "याडी, जहाजावरचे लोक येऊन राह्यले."

खरंच, पाचसहा जण येत होते. पुढं उज्ज्वलाताई. त्या थबकल्या. "अहो भुरीबाई! तुम्ही इथं काय करताय?"

"बहिणीचं दुकान हाय. बसा. ही निळी माळ पाहा बरं, तुमाले शोभते."

शीलानं मान खाली घातली. पण उज्ज्वलाताई खाली बसल्या आणि घासाघीस करू लागल्या. भुरीबाई हटेना. शेवटी त्यांनी दोन माळा घेतल्या, त्यांचं पाहून आणखी दोघींनी घेतल्या. जमनी परतली तेव्हा पैशांचा हिशोब शीलाच तिला समजावून देत होती.

किल्ला राहिलाच. परत निघण्याआधी जमनीनं भुरीबाईला हात धरून पाण्यात नेलं. लाट आली आणि फेटियाचा घेर जड झाला. भुरीबाईनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. "अरे देवा, हे तं नुसतं मीठ!" जमनी पोट धरून हसली.

"पोहरादेवी तुमच्याकडंच ना?" निरोप घेताना तिनं विचारलं. "जन्मभर जायचं म्हणते. मरायच्या आधी एकदा देवीच्या पायाशी डोकं ठेवायचंय."

"आमच्या तांड्यापासून जवळच हाय. रामनवमीच्या जत्रेले ये. घर हाय तुहं." शीलानं जमनीचा नंबर आपल्या फोनमध्ये घेतला.

बंदरावर बादल दाराशीच उभा होता. ओला फेटिया आणि वाळूनं भरलेले पाय पाहून म्हणाला, "कोठी गेलत्या तुमी? काय पाह्यलं गोव्यात?"

"माहेर भेटलं मले," भुरीबाई म्हणाली आणि पाय धुवायला पाणी मागितलं.

जमनी येईल असं देवसिंगला वाटत नव्हतं. "रस्त्यावरची ओळख, कोन येते एवढ्या लांब?" पण फोन होत राहिले, कधी इकडून, कधी तिकडून. रामनवमीच्या आदल्या दिवशी ती खरोखरच दिग्रसच्या बसस्टँडवर उतरली, सोबत तिच्या तांड्यातल्या दोन बाया. नवऱ्यासोबत घ्यायला आलेली भुरीबाई पुढं गेली. लांबून आलेल्या बहिणीला भेटायच्या जुन्या रीतीप्रमाणं दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून, हेल काढून, आईबापांची नावं घेत रडणं केलं. स्टँडवरची माणसं जमली. कुणी तरी विचारलं, काय झालं, कोण गेलं?

"कोनी नाई गेलं," देवसिंग पाहुणीची पिशवी खांद्यावर घेत म्हणाला. "बायकोची बहीण आली."