भिंतीवाला टाकीत उतरला

“वढा त्याले! दोर वढा! बोलून नाही राह्यला तो!”

मेडशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या तेलगिरणीत मी जीपमधून उतरलो, तेव्हा रंगकामाचा ठेकेदार टाकीवर उभा राहून असा ओरडत होता. मी ठाणेदारकीतून निवृत्त झालो, पण ते ओरडणं माझ्या कानातून निवृत्त व्हायला तयार नाही.

टाकी लोखंडी, दुमजली घराएवढी. तेल काढून घेऊन आतून एपॉक्सी रंग देणं चाललं होतं. उतरायला वरून एकच भोक. त्यातून थिनरची अशी वाफ येत होती की माझ्या मिशीला झिणझिण्या आल्या. एका हमालाने नाकाला दुपट्टा बांधून आत उतरून पडलेल्या रंगाऱ्याच्या काखेत दोर घातला होता. रंगारी वर आला, मागून खोकत हमालही. रंगारी चाळिशीचा गडी, अनसिंगचा. हातावरचा रंग ओला होता, अंगात जीव नव्हता.

गिरणीचा मॅनेजर म्हणाला, हार्ट अटॅक. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजेरी चालू असताना गिरणीसमोरचा चहावाला आला. खबर द्यायला आलेला माणूस मुद्द्यावर कधीच येत नाही. हा आधी तुरीवरच्या अळीवर बोलला, मग ढगांवर, मग आपल्या चपलेकडे पाहत म्हणाला, “साहेब, तो ठेकेदार भिंतीवाला हाय. टाकीचं काम त्यानं जन्मात केलं नाही.”

ठेकेदार भिंतीवाला आहे हे मलाही ठाऊक होतं. वार्षिक तपासणीच्या आधी आमचं ठाणं त्यानेच रंगवलं होतं, आणि असं रंगवलं की कोठडीतला एक आरोपी जामीन झाला तरी उठेना.

ठेकेदाराला समोर बसवलं. माझ्या दमाची ख्याती अशी, की मी ठाण्यात खाकरलो तर दोन शिवारांपलीकडचे बैल उभे राहत. पण इथे दमाची गरजच पडली नाही. आत ताजी हवा सोडायला ब्लोअर लावला होता का? नाही. उतरण्याआधी आतली हवा तपासली? ती कशी तपासतात, असं त्यानेच मला विचारलं. मास्क? रुमाल होता. टाकीच्या तोंडाशी पहारा द्यायला माणूस? तो जेवायला गेला होता.

“मंग हे काम घेतलं कायले?” मी विचारलं.

“सर्टिफिकिट हाय नं साहेब,” तो म्हणाला, आणि मी थट्टा करतोय असं समजून माझ्याकडे पाहत राहिला.

मॅनेजरला फाईल घेऊन बोलावलं. त्याने लॅमिनेशन केलेला एक कागद टेबलावर ठेवला. आमच्या ठाण्याचं लेटरहेड, आमचा गोल शिक्का, खाली माझी सही. तपासणीत शाबासकी मिळाली त्या खुशीत मी तो लिहिला होता. माझी लेखणी माझ्या तोंडासारखीच सैल. मी लिहिलं होतं: “सदर इसम कोणत्याही प्रकारच्या रंगकामात निष्णात आहे.” भिंतीचा भ सुद्धा त्यात नव्हता.

ठाण्याची कागदपत्रं लिहिणाऱ्या माझ्या रायटरने तो वाचला आणि हळूच म्हणाला, “पंखा जोराचा हाय साहेब. कागद उडूनबी जाते.”

खरं सांगतो, मी पंख्याकडे पाहिलं. मग पंच बोलावले आणि कागद जप्त केला. शवविच्छेदनाच्या अहवालात थिनरच्या वाफेने गुदमरल्याचं आलं. ठेकेदार आणि मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, मी साक्षीदार झालो आणि माझा खुलासा मागवला गेला. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीही न वाढवता लिहिलं.

आज कारखानदार भेटला की मी त्याचं डोकं खातो. टाकीचं काम देताना ठेकेदाराचं प्रमाणपत्र कोणी दिलं ते पाहा. देणाऱ्याला त्या कामातलं कळतं का, ते विचारा. बंद जागेतल्या कामाचं शिक्षण त्यात लिहिलंय का, मुदत संपली का, हे पाहा आणि देणाऱ्या संस्थेला फोन करून खात्री करा. चांगली भिंत रंगवणारा माणूस खोटा नसतो. पण टाकीत माणूस कशाने मरतो हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. ते शिकलेला ठेकेदार ब्लोअर आल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही. मॅनेजरने एक प्रश्न विचारला असता, तर त्या कागदाची लायकी तिथेच कळली असती. आणि माझी सुद्धा.

साक्ष झाल्यावर मी अनसिंगला गेलो. रंगाऱ्याची बायको अंगणात सोयाबीन पाखडत होती. मी उभ्यानेच सांगितलं की ते पत्र माझं होतं, मला त्यातलं काही कळत नव्हतं, माझं चुकलं. तिने सूप थांबवलं नाही.

“त्याले भेव वाटे टाकीचं,” ती म्हणाली. “म्याच म्हटलं, पोलिसाचं पत्र हाय, जाय.”