आमच्या ओट्यावरचा युरोप

थळच्या आमच्या घरात त्या काळी सगळ्यात मोठी काळजी कसली होती, तर फ्रान्समध्ये मुलं कमी जन्मतात याची. भात कमी पिकलं, विहीर आटली, तरी मामंजींची झोप मोडत नसे. पण फ्रान्समधले पाळणे रिकामे आहेत हे वाचल्यापासून त्यांना जेवण गोड लागेना. मामंजी म्हणजे माझे सासरे. शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि गावाला शिकवून झाल्यावर आता जगाला शिकवायला मोकळे झालेले. मुंबईचं वर्तमानपत्र लाँचीनं रेवसला उतरे आणि टांग्यातून हिंदकळत आमच्याकडे पोचेपर्यंत शिळं होई. मामंजी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत. ऐकायला शेजारचे दोन-तीन पेन्शनर, आणि दाराआड मी आणि माझी थोरली जाऊ. त्यांचं वाचून झालं की तेच पत्र मी चुलीपुढं बसून पुन्हा वाचायची. मला वाचता येत होतं आणि त्याचा त्या घरात दुसरा काही उपयोग नव्हता.

महायुद्धात तिकडचे तरुण मेले, उरलेल्यांना मुलं नकोशी झाली, असं मामंजी समजावून सांगत. पेन्शनर माना हलवत. त्यांतल्या एकाला स्वतःच्या नातवंडांची नावं आठवत नसत, पण जर्मनीत किती कमी पोरं झाली याचं त्याला फार वाईट वाटे. त्याच पत्रात आतल्या पानावर एखाद्या साहेबाचं भाषण असे, की हिंदुस्थानात मुलं फार होतात म्हणून इथले लोक दरिद्री. मामंजींना तेही पटे. तिकडे कमी होतात, इकडे जास्त होतात, आणि दोन्हीकडे चूक बायकांचीच, एवढं मला त्यातून कळलं.

आमच्या घरापुरता फ्रान्सचा प्रश्न जाऊबाई एकट्या सोडवत होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, मुंबईत एका पेढीवर होते. गणपतीला येत, शिमग्याला येत, मे महिन्यात आंबे खायला येत. ते परत गेले की थोड्याच दिवसांत जाऊबाईंना ओकाऱ्या सुरू होत. सात बाळंतपणं झाली, पाच मुलं हाताशी राहिली. शेवटच्या खेपेला रक्त थांबेना, तेव्हा त्यांना बैलगाडीत घालून अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जगवलं आणि निघताना स्वच्छ सांगितलं, आणखी एक झालं तर बाई वाचायची नाही. मामंजी म्हणाले, डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते. भाऊजींच्या कानावर घातलं तर ते हसले. हसायला त्यांचं काय जात होतं? बाळंत त्यांना व्हायचं नव्हतं.

जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. तेव्हापासून मुंबईची बोट लागली असं कुणी म्हटलं की त्यांचे विळीवरचे हात थांबायचे. एकदा मला म्हणाल्या, "मला मरणाचं भय नाही गं. पण धाकटीला अजून चालताही येत नाही." मी नारळ खवत राहिले.

अशात एके दिवशी मामंजींच्या अंगात युरोप शिरला. पत्रात आलं होतं की तिकडे एका राष्ट्रात बिनलग्नाच्या पुरुषांवर कर बसवलाय, दुसऱ्यात लग्नाला सरकार कर्ज देतं आणि मूल झालं की त्यातलं काही सोडून देतं, आणि कुठं तर पुष्कळ मुलांच्या आईला पदक मिळतं. मामंजींनी चष्मा काढून पुसला. आपल्याकडे कर बसवण्याची सोय नव्हती, कर्ज द्यायची तर नव्हतीच. राहिलं पदक. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की चैत्राच्या हळदीकुंकवाला देवळात मातांचा सत्कार करायचा. जिला मुलं जास्त, तिचा मान पहिला.

आता पदक कुठून आणायचं? अलिबागच्या सोनारानं सांगितलेली किंमत ऐकून मामंजींचा युरोप जरा खाली उतरला. मग ठरलं, पदकाऐवजी ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ. घरचेच नारळ, घरचेच तांदूळ. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. सवाष्णीची ओटी भरायची म्हणजे तिची कूस भरलेली राहू दे असं म्हणायचं, हे त्या सगळ्या शहाण्यांत एकाच्याही ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी त्यांना त्यात काही वावगं दिसलं नसतं.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "मास्तर, जिती पोरा धरायची का मेलेली पन?" मामंजी घोटाळले. याबद्दल युरोपनं काही कळवलं नव्हतं. बराच विचार करून ते म्हणाले, "जिवंतच. राष्ट्राला उपयोगी ती जिवंत." कोळीण म्हणाली, "मंग मी न्हाय बसत त्यान. माजी जास्तीची दर्यान नी तापान गेली." आणि तिनं बोंबील तोलायला घेतले. तिची धरली असती तर पहिला मान तिचाच होता. ती वगळल्यावर गावात जाऊबाईच पहिल्या आल्या. मामंजींना संकोच वाटला, पण बेताचाच.

सत्काराच्या दिवशी मंडपात सतरंज्या पडल्या. कोळणी आणि शेतावरच्या बाया पायऱ्यांखाली बसल्या, कारण युरोपची समानता पायऱ्यांपर्यंतच पोचली होती. ओटी भरायला अलिबागहून वकिलीणबाई आणल्या होत्या. मामंजींनी फ्रान्सपासून सुरुवात केली ती हरभऱ्यांच्या उसळीला वास येईपर्यंत बोलले. मग जाऊबाईंना पुढं बोलावलं. वकिलीणबाईंनी नारळ-तांदूळ हातात घेतले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "पदर पसरा. पुढच्या वर्षीही पहिला मान तुमचाच येऊ दे."

जाऊबाईंनी पदर पसरला नाही. दोन्ही हातांनी तो छातीशी घट्ट धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. वकिलीणबाईंना वाटलं, बाई लाजली. त्यांनी पुन्हा सांगितलं. जाऊबाई मामंजींकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "मामंजी, मान झालेल्या मुलांचा आहे ना? मग व्हायच्या मुलाची ओटी कशाला? तुम्हाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

ओटी नाकारणारी सवाष्ण त्या मंडपात कुणी पाहिली नव्हती. बायकांनी तोंडाला पदर लावले. मामंजींनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. भरलेली ओंजळ माघारी नेणं अशुभ, आणि वकिलीणबाईंचे हात तर अवघडले होते. तेवढ्यात आमची कोळीण पायऱ्यांखालून उठली आणि पदर पसरून म्हणाली, "टाक बाय माजे पदरान. माजा सगला आटोपलाय, मना कसला भ्याव?" वकिलीणबाईंनी वरूनच, स्पर्श न होईल अशा बेतानं, ओटी तिच्या पदरात सोडली. राष्ट्राला उपयोगी नसलेल्या आईचा सत्कार असा पार पडला.

पुढं पंधरवडाभर ओट्यावर वाचन झालं नाही. पेन्शनर येत, पान खात आणि उठून जात. गावात म्हणत होते की मास्तरांच्या सुनेनं देवासमोर अवलक्षण केलं. मामंजी आमच्याशी बोलेनात. मला त्यांचा राग आला होता, आणि भीतीही वाटत होती, कारण आंबे उतरायला लागले होते. जाऊबाईंना माहेरी आई नव्हती. भावाकडे पाच मुलं घेऊन जाता येत नव्हतं.

भाऊजी आले. त्यांच्या मागोमाग वारा उठला, दर्या फुगला आणि लाँच बंद पडली, म्हणजे पत्र येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मामंजी पत्र घेऊन ओट्यावर बसले आणि भाऊजींना समोर बसवलं. ते मागच्या आठवड्याचं पत्र होतं. मी ते जाहिरातींसकट दोनदा वाचलं होतं. मामंजींनी घसा साफ केला आणि वाचायला लागले.

"युरोपात एका राष्ट्रात नवा कायदा झालाय. ज्या बाईला पाचापर्यंत मुलं झालीत आणि डॉक्टरनं पुढं मना केलंय, तिच्या नवऱ्यानं घरी आल्यावर बाहेर ओट्यावर निजायचं. कायमचं."

पेन्शनरांनी सवयीनं माना हलवल्या. दाराआड जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. मामंजींचे डोळे पत्रावर होते, पण कान लाल झाले होते. आपल्या मुलाशी असल्या विषयावर ते जन्मात बोलले नव्हते, आणि आताही बोलत नव्हते, वाचत होते.

"कुठलं राष्ट्र, नाना?" भाऊजींनी विचारलं.

"लहान आहे," मामंजी पत्राची घडी घालत म्हणाले. "तुला ठाऊक नसेल." मग दाराकडे न बघता त्यांनी सांगितलं, "याचं अंथरूण माझ्याशेजारी घाला."

त्या राष्ट्राच्या कायद्यावर जाऊबाई सुना-नातवंडं बघेपर्यंत जगल्या.