तात्यांचे दोन ठिपके

कानशीचा कीस कितीही झाडा, पदराला चिकटून घरी येतोच. म्हादूतात्या लोहारांच्या भट्टीवरचे किस्सेही तसेच! बी.ए. होऊन मी बारामतीला परतले, शाळेत इंग्रजी शिकवू लागले आणि दर रविवारी तात्यांकडे वस्तरे घडवायला जाऊ लागले. निव्वळ छंद म्हणून. तेव्हापासून किती साठलेत!

*

पहिल्याच दिवशी तात्यांनी एक झिजलेली कानस हातात दिली. ती तापवायची, राखेत निववून मऊ करायची आणि घासून घासून पातं काढायचं. तीन रविवार घासलं. शेवटी भडकलेच, "तात्या, अजून किती?"

"लोखंडाला घाई न्हाय, पोरी. तुला हाय."

*

पातं कडक करायला ते लाल तापवून तेलात बुडवतात. पुण्याच्या लायब्ररीत वाचलेलं सगळं मी धडाधड सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि दार लोटून अंधार केला.

"पुस्तकात रंग कोंचा लिवलाय?"

"लाल."

"कोंचा लाल?"

मी पुस्तकाची पानं आठवू लागले.

"पिकल्या डाळिंबाच्या दान्याचा," तात्या म्हणाले. पण तोवर भट्टीतलं माझं पातं पार पांढुरकं झालं होतं. तेलातून काढलं तर वाकलेलं! "वस्तरा व्हता, इळा झाला. आईला दे जा."

आईनं त्यावर वर्षभर मेथी चिरली.

*

इंदापूरचा एक न्हावी आला. त्याचा अंगठा जन्मापासून वाकडा. तात्यांनी माप घेतलंच नाही. त्याच्या हातात जुना वस्तरा दिला आणि गाजर सोलायला लावलं. आपण नुसते बघत बसले.

पुढच्या बाजाराला तो नवा वस्तरा नाचवत आला. "तात्या, अंगठा सरळ झाल्यागत वाटतंय!"

"अंगठा तसाच हाय. वस्तरा वाकडा केलाय."

*

माझे वडील आबा. कचेरीतून पेन्शनीत निघाले, पण भाषण काही थांबलं नाही. दाढी करतानासुद्धा चालूच! भट्टीशेजारच्या दुकानातला रामभाऊ न्हावी कळवळून म्हणायचा, "आबा, जीभ हलली की हनवटी हलतीया!"

"तू तुझं काम कर!"

रोज कापलेल्या गालाला तुरटी लावून घरी यायचे.

*

तात्यांचा नियम एकच. नवा वस्तरा आधी घडवणाऱ्याच्या गालावर चालायचा, मगच पात्यामागच्या शेपटीवर तात्या आपल्या खुणेचे दोन ठिपके ठोकायचे. माझा चौथा वस्तरा जमला. तात्यांनी नखावर धार पाहिली, मान हलवली. "गाल कुटनं आनशील?"

"हा कसला नियम! बाईनं घडवला तर?"

"आजवर कुनी घडवला न्हाय, म्हून नियमात न्हाय. माजा गाल चालायचा न्हाय. लोक म्हनतील, तात्यानं सांभाळून घेतली. तू दुसरा गाल आन."

एवढ्यात रोजच्या दाढीला आबा आलेच. सगळं ऐकलं आणि तरातरा जाऊन रामभाऊच्या खुर्चीत बसले. मागोमाग आम्ही, तात्या तर हातोडीसकट. "लाव तो वस्तरा! एक जरी कापलं, तरी आजपासून हिची भट्टी बंद!"

रामभाऊनं फेस लावून माझा वस्तरा उचलला. आबांचं सुरू झालं, "शिकलेल्या पोरीनं कसं वागावं, हे मी मामलेदारांना स्पष्ट सांगितलं होतं की..."

वस्तरा गालावरून उतरला. एकदा. दोनदा.

"...की पोरीच्या जातीनं..."

पुढे काहीच नाही. रामभाऊ थांबला. आम्ही वाकून पाहिलं. आबा घोरत होते!

एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. रामभाऊनं अलगद दुसराही गाल उरकला. रक्ताचा एक टिपूस नाही. तात्यांनी त्याच्या हातातून वस्तरा घेतला, हातोडी उचलली आणि पाय न वाजवता दाराकडे निघाले.

"तात्या, कुठं?" मी कुजबुजले.

"ठिपके पल्याड जाऊन ठोकतो. हितं आबा उठतील."